न दुखणारे पाऊल : मधुमेह आणि मज्जातंतू

वार्षिक अहवालात जमाखर्चाचा ताळेबंद आणि रुग्णसंख्येचे तक्ते असतातच. त्यांच्या जोडीला एखाद्या रोगाची शास्त्रीय माहिती सोप्या भाषेत द्यावी, म्हणजे अहवाल चाळून कपाटात न जाता घरातील मंडळींच्या उपयोगी पडेल, या हेतूने आम्ही हा अभ्यासलेख सादर करीत आहोत. विषय मधुमेहाचा आहे. मधुमेहातील पथ्य, गोळ्या आणि इन्सुलिन यांविषयी पुष्कळ लिहिले व बोलले जाते. आम्ही लिहिणार आहोत ते मधुमेह्याच्या पावलांविषयी, आणि त्या पावलांतून मेंदूकडे जाणाऱ्या वेदनेच्या निरोपाविषयी.

आमच्या बाह्यरुग्ण विभागात येणाऱ्या अशा रुग्णांची हकिकत थोड्याफार फरकाने सारखीच असते. पन्नाशी ओलांडलेला द्राक्षबागायतदार. मधुमेह दहा-बारा वर्षांचा. गोळ्या चालू, पण बागेच्या कामांत अधूनमधून राहून जातात. एप्रिलची खरड छाटणी आटोपून तो संध्याकाळी घरी येतो. मोरीत पाय धुताना फरशीवर रक्त दिसते, ते त्याला नव्हे, घरच्या बाईला. पाहावे तो तळव्यात मांडवाच्या तारेचा तुकडा रुतलेला. सकाळपासून तो तसाच चालत होता. तार काढतात, हळद भरतात, चिंधी बांधतात. पाय दुखत नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी तो पुन्हा बागेत जातो. आठ-दहा दिवसांनी ताप येतो, पायाला वास येऊ लागतो, आणि मग दवाखान्याची वाट धरली जाते. तोवर एक बोट काळे पडलेले असते. नातेवाईक हात जोडून विचारतात, "डॉक्टर, एवढ्याशा तारेनं पाय जातो कसा?"

या प्रश्नाचे उत्तर म्हणजेच हा लेख होय. पाय तारेने जात नाही. तार रुतली तेव्हा पाय दुखला नाही, म्हणून तो जातो.

वाढलेली साखर मज्जातंतूंत काय करते?

आपल्या शरीरात मज्जातंतूंचे जाळे टेलिफोनच्या तारांसारखे पसरलेले आहे. त्वचेला लागलेला चटका, काटा, थंडी किंवा कंप यांची वार्ता हे तंतू मज्जारज्जूमार्गे मेंदूकडे नेतात आणि मेंदूचे हुकूम स्नायूंपर्यंत पोहोचवितात. निरोगी माणसाच्या पायातील जाड तंतूंतून हा संदेश सेकंदाला सुमारे ४० ते ५० मीटर वेगाने धावतो. आग आणि ठसठस यांची जाणीव नेणारे सर्वांत बारीक तंतू मात्र संथ असतात; त्यांचा वेग सेकंदाला मीटर-दोन मीटर इतकाच असतो.

स्नायूंच्या पेशींत साखर शिरण्यासाठी बहुतांशी इन्सुलिनची किल्ली लागते. मज्जातंतूंचे तसे नाही. त्यांचे दार इन्सुलिनवाचूनही उघडे असते. रक्तात साखर वाढली की तिच्या प्रमाणात ती मज्जातंतूंतही वाढते. ही जास्तीची साखर तेथे तीन मार्गांनी नुकसान करते.

पहिला मार्ग रासायनिक आहे. जादा ग्लुकोजचे पेशीत सॉर्बिटॉल नावाच्या पदार्थात रूपांतर होते. तो पेशीतून सहजासहजी बाहेर पडत नाही. शिवाय हे रूपांतर होताना पेशीचे संरक्षण करणारी द्रव्ये खर्ची पडतात आणि तंतू आतून दुर्बळ होतो. दुसरा मार्ग म्हणजे प्रथिनांवर साखरेचा थर चढणे. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी जी एचबीए१सी तपासणी आपण करतो, ती रक्तातील हिमोग्लोबिनवर चढलेली साखरच मोजते. तशीच साखर मज्जातंतूंच्या घटकांवर आणि रक्तवाहिन्यांच्या भिंतींवरही चढते व त्या ताठर होतात. तिसरा मार्ग उपासमारीचा आहे. प्रत्येक मोठ्या मज्जातंतूला रक्त पुरविणाऱ्या केसाहून बारीक वाहिन्या असतात. मधुमेहात त्या अरुंद होतात. सभोवती साखरेचा पूर असताना तंतूला प्राणवायू कमी पडतो आणि तो हळूहळू वाळत जातो.

या विकाराला वैद्यकात डायबेटिक न्यूरोपॅथी म्हणतात. आपल्या पूर्वसूरींच्या नजरेतूनही तो सुटला नव्हता. चरकसंहितेत प्रमेहाच्या पूर्वलक्षणांमध्ये हातापायांची आग होणे आणि बधिरता येणे यांचा उल्लेख आहे.

आधी पावलेच का?

मज्जातंतूची पेशी कमरेजवळ मणक्यापाशी असते आणि तिचा धागा थेट पायाच्या अंगठ्यापर्यंत गेलेला असतो. उंच माणसात ही लांबी मीटरभर भरते. कालव्याला पाणी कमी सोडले की शेवटच्या टोकाचे शेत आधी कोरडे पडते, हे आपल्या दुष्काळी तालुक्याला वेगळे सांगावयास नको. मज्जातंतूंचेही तसेच आहे. सर्वांत लांब तंतूंची टोके आधी मरतात. म्हणून बधिरता पायाच्या बोटांत सुरू होते, तळव्यावर पसरते, घोट्यावर चढते. ती गुडघ्याच्या आसपास पोहोचली की हातांच्या बोटांतही जाणवू लागते. दोन्ही पायांत मोजे आणि दोन्ही हातांत हातमोजे घातल्यासारखी ही बधिरता असते.

प्रथम जे तंतू बिघडतात ते बहुधा बारीक असतात. बिघडताना ते उगाचच संदेश पाठवितात. त्यामुळे मुंग्या येतात, तळपायाची आग होते, सुया टोचतात, रात्री चादरीचा स्पर्शही सोसवत नाही. पुढे तंतू मेले की ही आग शमते. रुग्णाला वाटते, गुण आला. वास्तविक तो गुण नसून नुकसान पूर्ण झाल्याची खूण असू शकते. जाड तंतू बिघडले की पायाखाली गादी अंथरल्यासारखे वाटते, अंधारात तोल जातो, चप्पल पायातून निसटून मागे राहिली तरी पत्ता लागत नाही.

सर्वांत फसवी गोष्ट अशी की, या विकाराच्या जवळजवळ निम्म्या रुग्णांना कोणतीच तक्रार नसते. मुंग्या नाहीत, आग नाही. विचारले तर ते म्हणतात, "पाय ठणठणीत आहेत." त्यांच्या पायांनी फक्त बोलणे बंद केलेले असते.

मज्जातंतूंची आणखी दोन कामे आहेत. काही तंतू पावलातील लहान स्नायूंना हालवितात. ते दुर्बळ झाले की बोटे पंज्यासारखी वाकतात, चवड्यावर नको तेथे भार पडतो आणि त्या जागी कुरूप येते. कुरुपाखाली जखम तयार होते, ती वरून दिसत नाही. काही तंतू घामाच्या ग्रंथी, हृदय, जठर, मूत्राशय यांचा कारभार पाहतात. ते बिघडले की पायाला घाम येत नाही, त्वचा कोरडी होऊन टाचेला भेगा पडतात आणि भेगांतून जंतू शिरतात. याच कारणाने काही मधुमेह्यांना उभे राहताच चक्कर येते, जेवण पोटात तुंबून राहते, पुरुषांना वैवाहिक जीवनात अडचण येते. कित्येकदा हृदयविकाराचा झटका छातीत न दुखताच येतो. मधुमेह्याला अचानक धाप लागली, दरदरून घाम आला, तर छातीत दुखत नाही म्हणून थांबू नये.

कुष्ठरोगाने शिकविलेला धडा

वेदना नसणे हीच खरी आपत्ती आहे, हे वैद्यकाला कळले ते आपल्याच देशात, आणि कुष्ठरोगामुळे. तमिळनाडूतील कोल्ली डोंगरात मिशनरी आई-वडिलांच्या पोटी १९१४ साली जन्मलेले डॉ. पॉल ब्रँड १९४६ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शल्यचिकित्सक म्हणून रुजू झाले. कुष्ठरोगाने बोटे झडतात, अशी तेव्हाची सार्वत्रिक समजूत होती. ब्रँड यांनी बारकाईने पाहिले, तेव्हा मांस आपोआप झडत नसल्याचे त्यांना आढळले. रोगाने मज्जातंतू मेलेले असत, म्हणून रुग्ण तापलेले भांडे तसेच धरून ठेवत, खिळा घुसलेल्या पायाने चालत राहत. रात्री झोपेत उंदरांनी बोटे कुरतडली तरी जाग येत नसे. तेव्हा ब्रँड यांनी रुग्णांना घरी जाताना मांजर बरोबर देण्यास सुरुवात केली.

पुढे १९६६ मध्ये ते अमेरिकेतील कारव्हिल येथील कुष्ठरुग्णालयात गेले. तेथे मधुमेह्यांची पावले पाहिल्यावर त्यांना वेल्लोरच्या रुग्णांची आठवण झाली. रोग निराळा, पण तळव्यावरची जखम तीच आणि कारणही तेच. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी दुखण्याची उणीव भरून काढणारे यंत्र बनविण्याचा प्रयत्न केला. पायावर दाब वाढला की इशारा देणारी ती साधने होती. प्रयोग फसला. इशारा मिळूनही रुग्ण हातातले काम पुरे करण्यासाठी तो डावलीत किंवा बंद करीत. निसर्गाने दिलेली वेदना अशी बंद करता येत नाही, म्हणूनच ती माणसाला वाचविते.

कुष्ठरुग्णांसाठी वापरात आलेली मऊ सूक्ष्मछिद्री रबराची, म्हणजे एमसीआर तळाची चप्पल आज मधुमेह्यांच्या पायांनाही आधार देते. काही मंडळी अशी चप्पल घेण्यास संकोच करतात. 'लोक काय म्हणतील' असे त्यांना वाटते. त्यांना आमचे नम्र सांगणे आहे की, लाज चपलेची वाटू नये. पाय गमावण्याची वेळ येऊ नये, एवढेच पाहावे.

दोन मिनिटांची तपासणी

बधिरता ओळखण्यासाठी महागडी यंत्रे लागत नाहीत. मोनोफिलामेंट नावाचा नायलॉनचा एक धागा असतो. तो त्वचेवर टेकवून वाकेपर्यंत दाबला की बरोबर १० ग्रॅम भार पडतो. रुग्णाने डोळे मिटावयाचे, आणि धागा अंगठ्याखाली व चवड्यावर ठरलेल्या जागी टेकविला की 'हो' म्हणावयाचे. जेथे तो 'हो' म्हणत नाही, तेथे संरक्षक जाणीव गेली असे समजावे. याच्या जोडीला कंप देणारा चिमटा हाडावर ठेवून पाहतात आणि पावलावरील व घोट्यामागील नाडी चाचपतात. कारण रक्तपुरवठाही कमी असेल तर जखम भरणे अधिकच अवघड जाते.

प्रौढ वयात होणाऱ्या मधुमेहात ही तपासणी निदान झाल्याच दिवशी करावी, कारण साखर त्याआधी काही वर्षे न कळत वाढलेली असू शकते. लहान वयात इन्सुलिनवर असलेल्यांत ती पाच वर्षांनी सुरू करावी. नंतर दोघांनीही ती दरवर्षी करून घ्यावी.

बधिरता आढळली म्हणजे ती मधुमेहाचीच, असेही गृहीत धरू नये. ब-१२ जीवनसत्त्वाच्या कमतरतेने हुबेहूब अशाच मुंग्या येतात. शाकाहारी मंडळींत ही कमतरता पुष्कळ आढळते आणि मेटफॉर्मिन ही मधुमेहाची सर्वपरिचित गोळी वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत ती वाढते. गोळी बंद करू नये. रक्ताची तपासणी करून जीवनसत्त्व भरून काढावे. दारू, थायरॉइडचे विकार, क्षयाची काही औषधे आणि स्वतः कुष्ठरोग हीही कारणे डॉक्टर पडताळून पाहतात.

नियंत्रणाने काय साधते?

लहान वयातील मधुमेहाच्या १,४४१ रुग्णांवर अमेरिका व कॅनडात झालेल्या अभ्यासाचा निष्कर्ष १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. साखर काटेकोर ठेवणाऱ्या गटात मज्जातंतूविकाराचे प्रमाण सुमारे ६० टक्क्यांनी कमी आढळले. प्रौढ वयातील मधुमेहात एवढा ठळक लाभ दिसत नाही. तेथे साखरेबरोबर रक्तदाब, चरबी, वजन आणि तंबाखू यांच्याकडेही लक्ष द्यावे लागते. मिश्री आणि बिडी यांनी पायाच्या रक्तवाहिन्या आवळतात, हे विशेष लक्षात ठेवावे.

आम्ही येथे एक गोष्ट स्पष्ट सांगू इच्छितो. मेलेला तंतू पुन्हा जिवंत करील अशी खात्रीची गोळी आज उपलब्ध नाही. प्रीगॅबालिन, ड्युलोक्सेटिन, ॲमिट्रिप्टिलिन यांसारखी औषधे आग व ठणका कमी करतात. रुग्णाला झोप लागते, हा मोठा दिलासा होय. पण ती बधिरता घालवीत नाहीत. 'मधुमेह मुळापासून बरा करतो' अशा जाहिरातीला भुलून चालू उपचार सोडणे म्हणजे उरलेले तंतूही गमावणे. दीर्घकाळ वाढलेली साखर झपाट्याने उतरविली तर काही रुग्णांत पायांची आग काही काळ वाढते. अशा वेळी औषध उलटले असे समजून ते थांबवू नये, डॉक्टरांना सांगावे.

आपल्या परिसरातील विशेष धोके

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साह्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनुसार २०२१ साली देशात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही होते आणि सुमारे १३ कोटी ६० लाख लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर होते. हा शहरातील सुखवस्तूंचा रोग, ही समजूत आता सोडावयास हवी. काटक दिसणाऱ्या शेतकऱ्यालाही मधुमेह असू शकतो. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिले आहे की, भारतीय माणूस अंगाने बारीक दिसला तरी त्याच्या शरीरात चरबीचे प्रमाण अधिक असते.

कवठे महांकाळ तालुक्यात पावलांवर संकटे पावलोपावली आहेत. म्हैसाळ योजनेमुळे कृष्णेचे पाणी आले, द्राक्षबागा वाढल्या. छाटणीनंतर बागेत टोकदार काड्यांचा खच पडतो, मांडवाच्या तारांचे तुकडे विखुरतात, बांधावर बाभळीचे काटे असतात. आरेवाडीच्या बिरोबाला किंवा पंढरीच्या वारीला अनवाणी जाण्याचा नवस असतो. चैत्र-वैशाखाच्या उन्हात तापलेली फरशी आणि डांबर बधिर तळव्याला कळत नाही. फोड आल्यावरच समजते. आम्ही श्रद्धेच्या आड येऊ इच्छीत नाही. मात्र बधिर पायांच्या भक्ताने देवाची क्षमा मागून पायात जोडा घालावा, त्यात देवाचा अवमान नाही, असे आम्हांस वाटते.

घरगुती उपायांनीही घात होतो. भेगांना बिब्बा लावणे, तळपायाला तापलेल्या विटेचा शेक घेणे, गरम पाण्यात पाय बुडविणे, ब्लेडने कुरूप कापणे, हे उपाय दुखणाऱ्या पायाने सोसले असतील. बधिर पायाला ते जाळून किंवा कापून टाकतात.

घरच्या मंडळींनी काय करावे?

१. रोज रात्री रुग्णाचे तळवे व बोटांच्या बेचक्या उजेडात पाहाव्यात. वृद्धांना वाकता येत नाही, नजर कमी असते. म्हणून हे काम घरातील दुसऱ्याने करावे. एकटे असल्यास फरशीवर आरसा ठेवून पाहावे.

२. पाय कोमट पाण्याने धुवावेत. पाण्याची ऊब रुग्णाने पायाने नव्हे, दुसऱ्याने कोपराने पाहावी. बेचक्या कोरड्या कराव्यात. टाचेला खोबरेल किंवा कोकमाचे तेल लावावे. बेचक्यांत लावू नये.

३. घरातसुद्धा अनवाणी फिरू नये. मागे पट्टा असलेली, मऊ तळाची चप्पल किंवा सैल जोडा वापरावा. घालण्यापूर्वी तो झटकून आत हात फिरवून पाहावा.

४. नखे सरळ कापावीत, कोपरे खोल कोरू नयेत. कुरूप डॉक्टरांकडूनच काढून घ्यावे.

५. जखम कितीही लहान असो आणि दुखत नसो, त्याच दिवशी दाखवावी. त्या पायावर चालणे थांबवावे. जखमी पायाला विश्रांती हे निम्मे औषध होय.

६. एक पाऊल लाल, गरम व सुजलेले दिसले आणि दुखत नसले तरी ते मुरगळले असे समजू नये. आतील हाडे ढासळत असण्याची शक्यता असते. या विकाराला शार्को फूट म्हणतात. त्या पावलावर आणखी चालल्यास त्याचा आकारच बदलतो.

देणगीदार व विश्वस्तांस निवेदन

रुग्णालयाला मोठे यंत्र भेट देण्यात जे समाधान असते ते आम्ही जाणतो. नायलॉनचा धागा दिमाखदार दिसत नाही, त्यावर नाव कोरता येत नाही. परंतु मधुमेही रुग्णाचे पायमोजे उतरवून, डोळे मिटावयास सांगून दोन मिनिटे त्याचा तळवा तपासणारी प्रशिक्षित परिचारिका आणि गरजूला मिळालेली एक एमसीआर चप्पल, यांतून जे वाचते त्याचे मोल मोठे आहे. पाय जातो तेव्हा बागेतला एक कर्ता हात जातो, मुलीचे शिक्षण थांबते, जमिनीचा तुकडा विकावा लागतो. हे नुकसान कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही. म्हणून पाऊल-तपासणी आणि पादत्राणे यांसाठी आपण दिलेली लहान देणगीही आम्ही मोठीच मानतो.

नातेवाइकांना मात्र आम्ही पैसे मागत नाही. आज रात्री आपल्या घरातील मधुमेही माणसाचे पाय मांडीवर घ्या, तळवे उजेडात पाहा, बोटे हळूच दाबून विचारा, "इथं कळतंय का?" उत्तर 'नाही' आले, तर उद्या सकाळी त्यांना घेऊन या. पाय दुखत नसतानाच यावे, एवढी एकच आमची विनंती आहे.